अनुभवाचा रकाना

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी आयुष्यातला पहिला सीव्ही लिहिला. हसू नका मंडळी. आमची लेक आधीच पोटभर हसून झाली आहे.

तर झालं असं. २०२२ च्या दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतात, बोलणं हळूहळू परत आलं. चिखलीतलं आमचं कृषी सेवा केंद्र त्यातच बंद पडलं. दवाखान्याला पैसा लागला, उधारी वसूल होईना, पुढच्या खरिपाचा माल भरायला भांडवलच उरलं नाही. नातेवाइकांना हे सगळं माहीत आहेच. माहीत नाही ते एवढंच, की यंदा मी नोकरी शोधायला लागले.

एका ऑफिसात जागा आहे असं कळलं. लेक पुण्याहून फोनवर म्हणाली, "मम्मी, सीव्ही करून पाठव, मी टाइप करून देते." मी म्हटलं, टाइप मीच करते गं, तेवढं येतं मला. रात्री ह्यांना झोपवून बसले. नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली. शिक्षण: बारावी, मग मुक्त विद्यापीठाचं बी. कॉम. मराठी टायपिंग ३०, एमएस-सीआयटी. इथपर्यंत गाडी बरी चालली. पुढचा रकाना आला 'अनुभव'. बराच वेळ बघत बसले आणि शेवटी लिहिलं, 'नाही'.

मुलाखतीला बोलावलं. समोर माझ्या भाच्याच्या वयाचा मुलगा. बोलायला नम्र होता, उगाच वाईट का सांगू. कागद पाहून म्हणाला, "म्हणजे मॅडम, इतकी वर्षं तुम्ही घरीच होतात?"

मी म्हणाले, "हो."

जागा काही मिळाली नाही. त्याचं फारसं वाटलं नाही, वय पाहता ते धरूनच चालले होते. पण एस. टी. त बसल्यावर तो 'हो' घशात अडकल्यासारखा झाला. मी घरी होते? कधी होते मी घरी?

*

खरं तर हा माझा पहिला बायोडाटा नव्हे. पहिला १९९७ साली निघाला होता आणि तो बाबांनी लिहिला होता. आपल्याकडे मुलीचा बायोडाटा म्हटलं की तो लग्नाचाच. बाबा बुलढाण्याला कचेरीत अव्वल कारकून. फुलस्केप कागद, डाव्या बाजूला समास, मोत्यासारखं अक्षर. नाव, जन्मवेळ, रास, नाडी, उंची, वर्ण गोरा. (मी सावळी आहे. बाबांनी उभ्या नोकरीत एक खोटी नोंद केली नसेल, ही एवढीच केली.) शिक्षण बारावी. मराठी टायपिंग पास. शेवटच्या ओळीत 'गृहकृत्यदक्ष'. तो कागद पाच-सहा गावं फिरला आणि चिखलीला येऊन थांबला.

त्यात मी काय करते हे एका शब्दात आलं होतं. मी काय करू शकते हे कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून ते आलंही नाही.

बाबांच्या कचेरीचं आम्हाला भारी कौतुक. तसं बुलढाण्यात कोणाला नसतं? हे गाव कचेऱ्यांमुळेच तर वाढलं. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. कापसाची बाजारपेठ खामगावला, रेल्वे मलकापूर-शेगाववरून, खामगावलाही १८७० साली जलंबहून फाटा निघाला. तरी जिल्ह्याचं ठाणं वसलं ते वर, घाटमाथ्यावर, बुलढाण्याला. कारण साहेबाला इथली थंड हवा मानवली. रेल्वे अजूनही आमच्या गावात नाही, राजूरचा घाट चढूनच यावं लागतं. पण साहेब आला म्हणजे त्याच्यामागे कचेरी आली, कचेरीमागे कारकून आले, कारकुनांमागे त्यांची बिऱ्हाडं आली. लेखणीवर पोट भरणारी माणसं या गावात एकदम खूप झाली.

त्याच सुमारास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे नावाचे हेडक्लार्क होते. सत्यशोधक समाजाशी जोडलेले, जोतीराव फुल्यांच्या विचारांचे. त्यांना मुलगे होते आणि एक मुलगी होती, तारा. १८५० च्या आसपासचा जन्म. त्या काळात मुलीला शाळा कुठली, पण बापूजींनी घरीच शिकवलं. मराठी, संस्कृत, इंग्रजी. लग्न झालं तेही घरजावई आणून, म्हणजे ती माहेरीच राहिली.

हीच ताराबाई शिंदे, 'स्त्री पुरुष तुलना' लिहिणारी.

बाबांकडे या पुस्तकाची प्रत होती. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात याच्या ५०० प्रती निघाल्या होत्या, किंमत नऊ आणे. पुढे पुस्तक लोकांच्या स्मरणातून पार गेलं. ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून आणलं, तेव्हा कुठे महाराष्ट्राला कळलं की असं काही होतं. बाबांना मात्र त्याचं अप्रूप वेगळ्याच कारणाने. पाहुण्यांना पुस्तक दाखवून सांगायचे, "आमच्या बुलढाण्याच्या हेडक्लार्कची मुलगी बरं का!" जणू त्यांच्याच टेबलाशेजारी बापूजी बसत होते.

मुलाखतीहून आल्यावर, का कोण जाणे, ते पुस्तक काढलं. लहानपणी चाळलं होतं, तेव्हा त्यातली फटकेबाजी तेवढी लक्षात राहिली होती. विषय माहीत असेल तुम्हाला. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या वागण्यावर तोंडसुख घेणं सुरू झालं. ते वाचून ताराबाई पेटल्या. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण त्यांनी घेतला आणि तो पुरुषांत किती पटीने आहे ते दाखवून दिलं. टीकाही पुष्कळ झाली. जोतीरावांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंनी त्यानंतर दुसरं पुस्तक काढल्याचं दिसत नाही. १९१० च्या आसपास त्या गेल्या.

या वेळी मी अडकले ती प्रस्तावनेत. एवढं जळजळीत पुस्तक लिहिणारी बाई स्वतःची ओळख करून देताना काय म्हणते? तर आपला हा लिहिण्याचा पहिलाच प्रयत्न, आपण मराठ्याच्या घरातली, रीतीरिवाजात कोंडलेली, फारशी अक्कल नसलेली बाई, भाषा कुठे रांगडी झाली असेल तर सांभाळून घ्या. तीन भाषा येणारी, वर्तमानपत्रं वाचून त्यांच्यावर तुटून पडणारी ही बाई. आणि ओळखीच्या रकान्यात जवळजवळ 'नाही'च लिहून मोकळी झाली.

काही लोक म्हणतील तो लिहिण्याचा रिवाज होता. असेल. त्या काळी पुरुष लेखकही विनयाने चार ओळी लिहीतच. पण पुरुषाचा विनय त्याच्या हुद्द्याखाली छापला जायचा. ताराबाईंना हुद्दाच नव्हता. आणि मला राहून राहून बापूजींचं वाटलं. कचेरीत दुसऱ्यांचे अर्ज वाचणं, कोण लायक कोण नालायक हे कागदावर आणणं हेच तर हेडक्लार्कचं काम. घरात तीन भाषा शिकवून तयार केलेला उमेदवार बसलेला. पण त्या कचेरीकडे मुलीचा अर्ज जाऊ शकतो ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. बापूजींना दोष देत नाही मी. माझे बाबाही तसेच. संध्याकाळी घरी आणलेले मसुदे ते मला वाचायला लावायचे, "उपरोक्त विषयान्वये"च्या पुढे काय येतं हे मला सातवीपासून पाठ. टायपिंगच्या क्लासला त्यांनीच घातलं. पण शेवटी बायोडाटा लिहिला तो लग्नाचाच.

*

लेकीला हे सगळं फोनवर सांगितलं, तर ती म्हणे, "मम्मी, जगातला पहिला सीव्ही लिओनार्दो दा विंचीचा समजतात, माहितीये?" मग तेही वाचून काढलं. १४८२ च्या सुमारास, तिशीतला लिओनार्दो मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे नोकरी मागायला पत्राचा मसुदा करतो. दहाएक मुद्दे. मी हलके पूल बांधू शकतो, वेढ्यात खंदकातलं पाणी काढू शकतो, तोफा करू शकतो, झाकलेले रथ करू शकतो. आणि अगदी शेवटी, हो, चित्रंही काढू शकतो. यातल्या कितीतरी गोष्टी त्याने तोवर केल्याही नसणार! पण 'करू शकतो' म्हणायला तो कचरला नाही.

बरोबर चारशे वर्षांनी ताराबाईंची प्रस्तावना. तो न केलेलं लिहितो आणि ही समोर केलेलं असून नाकारते. अंगच्या गुणांचा यात काही संबंध नाही. आपल्याला कोणीतरी कामाला ठेवणार आहे, या समजुतीत तो वाढला होता एवढंच.

मग आपल्या बायका ऑफिसात आल्या तरी कशा? सुरुवात शाळेतून आणि दवाखान्यातून झाली. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथून शिक्षिका निघाल्या, नर्सा निघाल्या. यातल्या कितीतरी जणी मोठेपणीच पाटीला लागलेल्या. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांचंच पाहा. १८७० चा जन्म, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात मुलगा. शिकल्या त्या त्यानंतर. पुढे आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करणं हेच त्यांचं काम झालं. सभेत बोलायचं, पैसे मोजून घ्यायचे, पावती द्यायची, हिशेब द्यायचा. १९१८ साली, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, बेताच्या इंग्रजीवर त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी काम करून इंग्रजी शिकल्या. 'माझी कहाणी' या नावाने त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. अठ्ठेचाळीस! मी एकोणपन्नासाव्या वर्षी चिखलीच्या चिखलीत अर्ज करायला घाबरत होते.

ऑफिसाचं दार उघडलं ते मुख्यतः टाइपरायटरने. गोदरेजने १९५५ साली आपल्या देशात टाइपरायटर बनवला, २००९ ला बनवणं थांबवलं. त्या पन्नासेक वर्षांत तालुक्या-तालुक्याला टायपिंगचे क्लास होते. सकाळी सहाची बॅच, खोलीभर खडखडाट, शाईच्या फितीने काळी झालेली बोटं. क्लार्क-टायपिस्टच्या जागेला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला लागत. आमच्या बॅचला निम्म्या मुली होत्या. त्यातल्या बहुतेकींची सर्टिफिकेटं माझ्यासारखीच ट्रंकेत साड्यांखाली गेली.

आणि एक दार होतं, अजूनही आहे. अनुकंपा. आमच्या ओळखीच्या एका वहिनींचे मिस्टर नोकरीत असताना गेले. तोवर वहिनी बँकेत पैसे काढायलाही एकट्या गेल्या नव्हत्या. चाळीशीत त्या क्लार्क म्हणून लागल्या. पहिल्या दिवशी टेबलावर डोकं ठेवून रडल्या, आणि दोन वर्षांत टायपिंग पास झाल्या. पुढे सगळं ऑफिस रजेचा नियम विचारायला त्यांच्याकडे यायचं. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. पण त्या दाराची किल्ली बघा ना. नवरा गेल्याशिवाय ते उघडत नाही, आणि पंचेचाळिशीनंतर तर तेव्हाही नाही. त्या वहिनींच्या अंगची हुशारी मिस्टर असतानाही होतीच की. ती दिसायला एवढी मोठी किंमत का पडावी?

आमचे हे आहेत, देवाची कृपा. म्हणजे मला दार नाही. मला साधा सीव्हीच लिहायला हवा.

*

मग दुसऱ्या रात्री पुन्हा बसले. बाबांची एक सवय आठवली. कोणाचा अर्ज लिहून द्यायचा असला की ते आधी विचारायचे, "दिवसभर काय करता ते सांगा." लोक सांगत जात, बाबा लिहीत जात. माणसाला आपला हुद्दा सांगता येत नाही, पण दिवस सांगता येतो, असं म्हणायचे. मी माझा दिवस लिहायला घेतला.

बियाणं, खत आणि कीटकनाशकांचे साठा रजिस्टर रोजच्या रोज भरणे. बिलं फाडणे. उधारीची खतावणी. कंपन्यांना मालाची मागणी, परत गेलेल्या मालाचा पाठपुरावा. परवान्यांच्या नूतनीकरणाची कागदपत्रं. तपासणीला अधिकारी आले की रजिस्टर पुढे करणे (हे नेमके तेव्हाच चहा सांगायला बाहेर जायचे). २०१७ पासून जीएसटीचे आकडे सी. ए. कडे महिन्याच्या महिन्याला तयार करून देणे. २०१८ मध्ये खतविक्रीला अंगठ्याचं मशीन आलं, ते सगळ्यात आधी मी शिकले आणि शेजारच्या दोन दुकानदारांना शिकवलं. जूनमध्ये सोयाबीन-कपाशीच्या बियाण्यासाठी दुकानापुढे रांग लागली की कोणाला आधी, कोणाला उद्या, हे न भांडता सांगणे. दुबार पेरणीच्या वर्षी पैसे मागायला आलेल्या शेतकऱ्याशी काय बोलावं आणि काय बोलू नये. हे शेवटचं सीव्हीत कसं लिहायचं कळेना, लेकीने 'ग्राहक संपर्क' लिहायला सांगितलं.

दीड पान झालं. मी लाजले, खरंच सांगते. इतकं लिहिणं म्हणजे स्वतःची आरती वाटायला लागली. दोन ओळी खोडल्या, पुन्हा लिहिल्या.

मग नवीनच अडचण. अनुभव म्हटला की प्रमाणपत्र हवं. ते कोण देणार? परवाना ह्यांच्या नावावर, बिलबुक ह्यांच्या नावावर, बँकेचं खातं ह्यांच्या नावावर. तेवढी वर्षं मी तिथे होते याचा कागद म्हणून नाही. पगारपत्रकात नवऱ्याच्या बायकोचं नाव कोण घालतं? साठा रजिस्टरमधलं अक्षर तेवढं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझं आहे.

दुकानाच्या लेटरहेडचा अर्धा पॅड घरात उरला होता. त्यावर मीच मसुदा केला, बाबांच्या थाटात. "दाखला देण्यात येतो की, सदर व्यक्तीने आमच्या केंद्रात लेखा, साठा व पत्रव्यवहाराचे काम सन २००० ते २०२२ अशी २२ वर्षे सलग केले आहे." सकाळी चहा झाल्यावर ह्यांच्यापुढे ठेवला, डाव्या हातात पेन दिला. डाव्या हाताने सही करायला ते आता कुठे शिकताहेत.

ह्यांनी कागद वाचला. सावकाश, बोट ठेवून. मला वाटलं हसतील, किंवा म्हणतील कशाला हे. सही न करताच त्यांनी पेनाने '२२' वर रेघ मारली.

"तेवीस," म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, २००० पासून धरलंय मी. लेक झाल्यावर मी दुकानात बसायला लागले ना."

त्यांनी मान हलवली. शब्द जुळवायला वेळ लागतो त्यांना. "९९. खतावणी... तूच करायची. घरी. रात्री. पोटुशी होतीस."

मी विसरले होते, ह्यांच्या लक्षात होतं.

कागद नव्याने टाइप केला. डाव्या हाताची सही वाकडी आली आहे, पण दुकानाचा शिक्का सरळ बसला. सीव्ही आणि दाखला दोन ठिकाणी पाठवले आहेत. अजून कुठूनच उत्तर नाही. आलं की सांगेन. पण आता कोणी विचारलं की इतकी वर्षं घरीच होतात का, तर त्याचं उत्तर पाठ करून ठेवलंय.